आगगाडीचा शिल्पकार

इंग्लंडच्या उत्तर भागात टाइन नदीच्या काठी वायलम नावाचे एक लहानसे गाव आहे. न्यूकॅसल शहरापासून ते सुमारे ९ मैलांवर आहे. अठराव्या शतकात या मुलखात दगडी कोळशाच्या पुष्कळ खाणी होत्या. खाणीतून निघालेला कोळसा नदीच्या धक्क्यापर्यंत नेण्यासाठी जमिनीवर लाकडी रूळ टाकलेले असत आणि त्यांवरून घोडे कोळशाने भरलेल्या वाघिणी ओढून नेत. अशाच एका मार्गाच्या कडेला असलेल्या घरात ९ जून १७८१ रोजी जॉर्ज स्टीफन्सनचा जन्म झाला. त्या घरात चार कुटुंबे राहत असत. स्टीफन्सन कुटुंबाच्या वाट्याला एकच खोली होती. दाराबाहेर पाऊल टाकताच जॉर्जच्या दृष्टीस रूळ पडत. पुढे त्या रुळांचाच त्याने जगभर विस्तार केला.

जॉर्जचा बाप खाणीतील पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्राच्या भट्टीत कोळसा घालण्याचे काम करीत असे. मिळणाऱ्या मजुरीत आठ माणसांच्या पोटाची खळगी भरणे कठीण होते. मग मुलांना शाळेत कोठून धाडणार? जॉर्ज लहानपणीच गाई राखू लागला. रानात बसल्या बसल्या तो ओल्या मातीची यंत्रे करी, असे सांगतात. पुढे कोळशातील दगड वेचणे, घोडे हाकणे अशी कामे करीत करीत चौदाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली भट्टीवर रुजू झाला. सतराव्या वर्षी तर एका पाणी उपसण्याच्या यंत्राची देखरेखच त्याच्याकडे आली. बापापेक्षा मुलाची जागा वरची झाली.

बरोबरीचे मजूर सुट्टीच्या वेळी खेळात व गप्पांत रमत. जॉर्ज मात्र यंत्राचा एकेक भाग सुटा करी, पुसून स्वच्छ करी आणि पुन्हा जागच्या जागी बसवी. दट्ट्या का हलतो, वाफ कोठून येते व कोठे जाते, एखादा भाग झिजला तर कोणता आवाज येतो, हे सारे त्याने असे हाताळून जाणून घेतले. जेम्स वॉटने सुधारलेल्या यंत्रांचे वर्णन पुस्तकांतून वाचावयास मिळते, हे त्याच्या कानावर आले. पण पुस्तक उघडून उपयोग काय? अठरा वर्षांच्या या तरुणाला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. तेव्हा दिवसभराचे काम आटोपल्यावर तो रात्रीच्या शाळेत जाऊ लागला. कामावर असताना यंत्र सुरळीत चालू असले, की तेवढ्या वेळात तो पाटीवर गणिते सोडवी. वयाने लहान असलेल्या मुलांबरोबर अक्षरे गिरविण्याची त्याला कधी लाज वाटली नाही.

१८०२ साली जॉर्जचे लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला रॉबर्ट नावाचा मुलगा झाला. संसाराला हातभार लागावा म्हणून तो फावल्या वेळात लोकांचे जोडे व घड्याळे दुरुस्त करून देई. परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. १८०६ साली त्याची पत्नी क्षयाने वारली. त्यानंतर तो कामासाठी स्कॉटलंडमध्ये गेला. काही महिन्यांनी परत येऊन पाहतो, तो वाफेच्या अपघातात बापाचे डोळे गेलेले होते आणि घरावर कर्ज झाले होते. त्याने गाठीची सारी पुंजी खर्चून कर्ज फेडले व आईबापांना आपल्याजवळ आणले. देश सोडून अमेरिकेस जावे, असे विचारही त्या दिवसांत त्याच्या मनात येऊन गेले. तथापि चिमुकल्या रॉबर्टकडे पाहून त्याने धीर धरला. आपल्याला जे शिक्षण मिळाले नाही, ते मुलाला मिळालेच पाहिजे, असा त्याने मनाशी निश्चय केला.

१८११ साली त्याच्या नशिबाचे दार उघडले. किलिंगवर्थ येथील एका नव्या खाणीत पाणी साचले होते. ते उपसण्यासाठी बसविलेले यंत्र काही केल्या नीट चालेना. नामांकित कारागिरांनी हात टेकले. जॉर्जने ते यंत्र मोकळे केले, त्यातील दोष शोधले आणि ते पुन्हा जोडले. काही दिवसांतच खाण कोरडी झाली. खाणीच्या मालकांनी त्याची हुशारी ओळखली व पुढच्या वर्षी आपल्या सर्व यंत्रांचा मुख्य कारागीर म्हणून त्याची नेमणूक केली.

आता रॉबर्टला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घालणे शक्य झाले. रॉबर्ट गाढवावर बसून शाळेत जाई व संध्याकाळी परत येताना विज्ञानाची पुस्तके घेऊन येई. रात्री दिव्याच्या उजेडात बापलेक ती मिळून वाचीत. मुलाने शाळेत जे शिकावे, ते बापाने घरी मुलाकडून शिकावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला होता. त्या दोघांनी आकडेमोड करून एक सूर्यघड्याळ तयार केले आणि आपल्या घराच्या दारावर बसविले. त्यावर १८१६ हे साल कोरलेले आहे.

वाफेने चालणारी गाडी प्रथम जॉर्जने शोधून काढली, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर नाही. रिचर्ड ट्रेविथिक या इंग्रज यंत्रज्ञाने १८०४ सालीच वेल्समध्ये वाफेचे इंजिन रुळांवरून चालवून दाखविले होते. परंतु त्या इंजिनाच्या भाराने बिडाचे ठिसूळ रूळ फुटत. म्हणून तो प्रयोग मागे पडला. जॉर्जने अशा प्रयत्नांचा अभ्यास केला आणि १८१४ साली किलिंगवर्थ येथे आपले पहिले इंजिन तयार केले. ब्ल्यूखर असे त्याचे नाव होते. त्याने ३० टन भार ताशी ४ मैल वेगाने सौम्य चढावरून ओढून नेला. हा वेग चालत्या माणसाहून फारसा अधिक नव्हता. पण जॉर्ज निराश झाला नाही. एक इंजिन झाले, की त्यातील उणिवा हेरून तो दुसऱ्याची जुळवाजुळव करी. रूळ व इंजिन ही नवराबायकोप्रमाणे एकमेकांस अनुरूप असली पाहिजेत, हे ओळखून त्याने रुळांतही सुधारणा केल्या.

याच सुमारास त्याने आणखी एक मोलाचे काम केले. खाणीत साचणाऱ्या ज्वालाग्राही वायूमुळे उघड्या दिव्याने स्फोट होत आणि कित्येक मजूर प्राणास मुकत. १८१५ साली जॉर्जने खाणीत निर्धोकपणे नेता येईल असा दिवा बनविला आणि वायूने भरलेल्या जागी तो स्वतः हातात धरून त्याची परीक्षा घेतली. त्याच वर्षी प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनीही असाच दिवा स्वतंत्रपणे तयार केला. एका अशिक्षित यंत्र-कारागिराला ही कल्पना सुचणे शक्यच नाही, असे अनेक विद्वानांना वाटले आणि मोठे पारितोषिक डेव्ही यांना मिळाले. जॉर्जच्या मनाला हे फार लागले. पुढे १८३३ साली पार्लमेंटच्या एका समितीने दिव्याच्या शोधावर दोघांचाही सारखाच हक्क आहे, असा निर्वाळा दिला.

१८२१ साली स्टॉकटन व डार्लिंग्टन या गावांच्या दरम्यान लोहमार्ग बांधण्याचे ठरले. त्याच्या चालकांपैकी एडवर्ड पीज या सद्गृहस्थाचा जॉर्जवर विश्वास बसला व ते काम त्याच्याकडे आले. इंजिने तयार करण्यासाठी १८२३ साली न्यूकॅसल येथे रॉबर्टच्या नावाने कारखानाही निघाला. २७ सप्टेंबर १८२५ रोजी या मार्गावरून पहिली गाडी धावली. जॉर्जने स्वतः चालविलेल्या लोकोमोशन या इंजिनाने कोळसा, पीठ आणि शेकडो माणसे यांनी भरलेल्या वाघिणींची लांबच लांब रांग ओढून नेली. लोकांनी जयघोष केला. तरीही एक प्रश्न शिल्लकच राहिला. या मार्गावर इंजिने कोळसा वाहत; पण उतारूंचा रोजचा डबा पुढेही कित्येक वर्षे घोडेच ओढीत होते. इंजिन बलवान खरे. पण ते संथ होते व वारंवार बिघडत असे. माणसांना एका शहरातून दुसऱ्या शहरात वेगाने, सुखरूप आणि वेळेवर नेणे त्याला साधेल काय?

या प्रश्नाचे उत्तर लिव्हरपूल व मँचेस्टर या दोन शहरांनी मागितले. लिव्हरपूल हे मोठे बंदर. परदेशचा कापूस तेथे उतरे आणि मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. दोन्ही शहरांत अंतर अवघे ३१ मैल, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर. परंतु कालव्यातून माल जाण्यास फार विलंब लागे आणि घोडागाडीतून उतारूंचे चार-साडेचार तास मोडत. म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी लोहमार्गाची योजना आखली व तिच्या पाहणीचे काम जॉर्जला सांगितले. कालव्यांच्या मालकांचा आणि जमीनदारांचा या योजनेस कडवा विरोध होता. जमीनदार आपल्या शेतांत पाऊल ठेवू देईनात. त्यामुळे मोजणीची कामे चोरून व घाईघाईने उरकावी लागली. शिवाय इतर कामांच्या व्यापामुळे जॉर्जने मोजणीचा बराचसा भार हाताखालच्या माणसांवर सोपविला. त्यांचे आकडे त्याने पुन्हा तपासून पाहिले नाहीत.

त्याचे फळ त्याला १८२५ साली भोगावे लागले. पार्लमेंटच्या समितीपुढे विरोधी पक्षाच्या वकिलाने त्याची कसून उलटतपासणी केली. पातळ्यांचे आकडे एकामागून एक चुकीचे निघाले. एका नदीवरील पुलाची उंची किती, या साध्या प्रश्नालाही त्याला धड उत्तर देता येईना. त्याच्या गावंढळ उच्चारांचाही उपहास झाला. ती योजना फेटाळली गेली आणि जॉर्जचे काम दुसऱ्यांकडे गेले. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या माणसाच्या हातून झालेली ही हेळसांड त्याला चांगलीच महागात पडली.

तथापि संकटाने खचून जाणे हा त्याचा स्वभाव नव्हता. पुढच्या वर्षी नव्या पाहणीच्या आधारे ती योजना मंजूर झाली आणि मार्ग बांधण्यासाठी चालकांनी पुन्हा जॉर्जलाच बोलाविले. या वेळी त्याने कोणतीही कसर ठेवली नाही. मार्गात चॅट मॉस नावाची विस्तीर्ण दलदल होती. तिच्यात माणसाचा पाय रुते, तर आगगाडीचा भार ती कसा सोसणार? कितीही माती टाकली तरी ती गडप होई. चालक धास्तावले, पण जॉर्जने काम थांबविले नाही. त्याने दलदलीतील पाणी वाहून जाण्यासाठी चर खणले आणि झाडाच्या फांद्या व झुडपे यांचे ताटवे विणून एकावर एक पसरले. पाण्यावर तराफा तरंगावा, तसा तो मार्ग दलदलीवर तरंगू लागला. आजही त्या मार्गावरून गाड्या धावतात.

मार्ग पुरा होत आला, तरी गाड्या कशाने ओढावयाच्या याविषयी चालकांचे एकमत होईना. मार्गावर ठिकठिकाणी मोठी यंत्रे बसवून दोरांनी गाड्या ओढाव्यात, असा सल्ला दोन नामांकित तज्ज्ञांनी दिला. तो सल्ला मानला असता, तर धावत्या इंजिनाचे भवितव्य त्या ठिकाणी संपले असते. जॉर्जने आपला आग्रह सोडला नाही. अखेर चालकांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर करून इंजिनांची स्पर्धा ठेवली. इंजिनाने आपल्या वजनाच्या तिप्पट भार ताशी १० मैल वेगाने ओढला पाहिजे, त्याचे वजन ६ टनांहून अधिक असता कामा नये आणि त्याने धूर ओकता कामा नये, अशा अटी होत्या.

रॉबर्ट आता यंत्रशास्त्रात तरबेज झाला होता. त्याच्या देखरेखीखाली न्यूकॅसलच्या कारखान्यात रॉकेट नावाचे नवे इंजिन तयार होऊ लागले. जुन्या इंजिनांचा मुख्य दोष हा होता, की त्यांना वाफ पुरत नसे. त्यांच्या बॉयलरमधून विस्तवाची एकच मोठी नळी गेलेली असे. तिच्यातील पुष्कळशी उष्णता पाण्याला न लागताच धुराड्यावाटे निघून जाई. एका मोठ्या नळीऐवजी पुष्कळ लहान नळ्या बसवाव्यात, ही कल्पना लोहमार्ग कंपनीचा चिटणीस हेन्री बूथ याने सुचविली. बूथ काही यंत्र-कारागीर नव्हता; परंतु चांगली सूचना कोणाकडूनही घेण्यास बापलेकांना कमीपणा वाटला नाही. रॉकेटच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या २५ नळ्या बसविण्यात आल्या. उष्णतेचा स्पर्श अधिक पाण्याला होऊ लागला आणि वाफ भराभर तयार होऊ लागली. काम करून बाहेर पडणारी वाफ एका अरुंद नळीतून धुराड्यात सोडली होती. ती जोराने वर जाताना भट्टीत वारा ओढला जाई व विस्तव फुले. लोहाराच्या भात्याचे काम इंजिनाने आपले आपणच करावे, अशी ही योजना होती. इंजिन जितके वेगाने धावे, तितका विस्तव अधिक पेटे.

ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल या गावी ही स्पर्धा झाली. हजारो लोक जमले होते. नॉव्हेल्टी नावाचे सुंदर व हलके इंजिन वेगाने धावले आणि लोकांना तेच आवडले. परंतु ते वारंवार बिघडू लागले. टिमथी हॅकवर्थ याचे साँ पारेय हे इंजिन जड होते व तेही मध्येच बंद पडले. दुसरे एक इंजिन आवश्यक तो वेगच गाठू शकले नाही. रॉकेटने मात्र दीड-पावणेदोन मैलांच्या रुळांवर येरझारा घालून लिव्हरपूलहून मँचेस्टरला जाऊन परत येण्याइतके अंतर भारासह न अडखळता पुरे केले. त्याचा सरासरी वेग अटीपेक्षा अधिक भरला आणि हलके धावताना तर त्याने ताशी सुमारे ३० मैलांपर्यंत मजल मारली. घोड्याहून वेगवान आणि तरीही भरवशाचे वाहन माणसाच्या हाती आले. बक्षिसाची रक्कम जॉर्ज व रॉबर्ट यांनी बूथबरोबर वाटून घेतली.

१५ सप्टेंबर १८३० रोजी हा लोहमार्ग सुरू झाला. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्यासह अनेक मोठी माणसे समारंभास आली होती. परंतु त्या आनंदावर विरजण पडले. वाटेत गाडी थांबली असता लिव्हरपूलचे पार्लमेंटमधील प्रतिनिधी विल्यम हस्किसन खाली उतरले व शेजारच्या रुळांवरून येणाऱ्या रॉकेटखाली सापडले. जॉर्जने त्या जखमी गृहस्थांना आपल्या इंजिनामागील डब्यात घेतले आणि १५ मैलांचे अंतर २५ मिनिटांत तोडले; पण त्याच रात्री हस्किसन यांचे निधन झाले. वेगाने किती मोठे साहाय्य होऊ शकते आणि त्याच्याशी किती सावधपणे वागावे लागते, हे एकाच दिवशी सर्वांना कळून चुकले.

मार्ग बांधताना चालकांची भिस्त मालावर होती. प्रत्यक्षात उतारूंचीच रीघ लागली. १८३१ या एका वर्षात चार लाखांहून अधिक लोकांनी या गाडीने प्रवास केला. घोडागाडीहून निम्म्या वेळात पोचविणाऱ्या गाडीकडे कोण पाठ फिरवील? सकाळी मँचेस्टरहून निघून लिव्हरपूलचे काम उरकावे आणि संध्याकाळी घरी परतावे, हे सामान्य माणसालाही शक्य झाले. स्टीफन्सन पितापुत्र मात्र रॉकेटच्या यशावर संतुष्ट राहिले नाहीत. रॉकेट वेगाने धावताना डोलत असे. म्हणून रॉबर्टने एका वर्षाच्या आतच प्लॅनेट नावाचे नवे इंजिन तयार केले. त्यात सिलिंडर चाकांच्या आतल्या बाजूस पुढे बसविले असल्यामुळे ते अधिक स्थिर होते. नोव्हेंबर १८३० मध्ये प्लॅनेटने दोन शहरांमधील अंतर एका तासात तोडले. अशा रीतीने स्पर्धा जिंकणारे रॉकेट त्याच्याच निर्मात्यांनी थोड्या अवधीत मागे टाकले.

यानंतर जॉर्जकडे लोहमार्गांची कामे चालून येऊ लागली. निरनिराळे लोहमार्ग पुढेमागे एकमेकांस जोडले जाणार, हे त्याने ओळखले होते. म्हणून सर्व रुळांमधील अंतर सारखेच असावे, असा त्याचा आग्रह असे. त्याने वापरलेले ४ फूट साडेआठ इंचांचे अंतर आज जगाच्या फार मोठ्या भागात रूढ आहे. त्याला सरदारकीचा किताब देऊ केला होता. तो त्याने स्वीकारला नाही. १८४७ साली यंत्रज्ञांची संस्था स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्षपद मात्र त्याने आनंदाने स्वीकारले. उतारवयात चेस्टरफील्डजवळील टॅप्टन हाउस या घरी तो बागकामात रमला. काकड्या वाकड्या वाढतात, हेही त्याला पाहवेना. त्या सरळ वाढाव्यात म्हणून त्याने काचेच्या नळ्या करविल्या! १२ ऑगस्ट १८४८ रोजी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तेथेच त्याचे निधन झाले.

त्यानंतर पाच वर्षे होतात न होतात, तोच १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याकडे भारतातील पहिली उतारूंची आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० उतारू आणि २१ मैलांचा मार्ग. त्या मार्गाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला होता. ती गाडी ओढणारी इंजिने इंग्लंडमध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाजवळच असलेल्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यातून आली होती आणि त्या कारखान्यात एके काळी रॉबर्टची भागीदारी होती. किलिंगवर्थच्या खाणीजवळ पेटलेली ज्योत अशा रीतीने सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत येऊन पोचली.

जॉर्ज स्टीफन्सनने जगाला वेग दिला; पण तो वेग काही एका दिवसात हाती आलेला नाही. ताशी ४ मैलांपासून ३० मैलांपर्यंत पोचण्यास त्याला १५ वर्षे लागली. या काळात तो यंत्राकडून शिकला, पुस्तकांकडून शिकला, आपल्या मुलाकडून व सहकाऱ्यांकडून शिकला, आणि सर्वांत कठीण म्हणजे स्वतःच्या चुकीकडूनही शिकला. अठराव्या वर्षी अक्षरे गिरवू लागलेला हा खाणकामगार मरेपर्यंत विद्यार्थीच राहिला.